डॉक्युमेंट डेटाबेस आणि रिलेशनल डेटाबेस यांतील निवड

सॉफ्टवेअर उभारताना माहिती कोणत्या रूपात साठवायची हे सुरुवातीलाच ठरवावे लागते, आणि पुढे तो निर्णय फिरवणे महागात पडते. रिलेशनल डेटाबेसचा सिद्धांत आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्यात प्रत्येक गोष्ट शक्यतो एकदाच, आपापल्या टेबलात नोंदवतात आणि लागेल तेव्हा एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेने टेबले जोडून घेतात. काउचडीबी, मोंगोडीबी (२००९) यांसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये एकत्र लागणारी माहिती जेसनच्या (नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी माहिती लिहिण्याच्या पद्धतीच्या) धर्तीवर एकाच डॉक्युमेंटमध्ये राहते.

ऑनलाइन दुकानातली एक ऑर्डर घेऊ. वस्तू, त्या दिवशीचा भाव, पोचवायचा पत्ता हे सगळे एका डॉक्युमेंटमध्ये चपखल बसते. उद्या भाव वाढला किंवा ग्राहकाने घर बदलले, तरी जुन्या ऑर्डरमध्ये जुनेच दिसायला हवे. म्हणजे इथे माहितीची प्रत ठेवणेच योग्य. शिल्लक मालाचा आकडा मात्र सगळ्याच ऑर्डरींना लागतो, तो एकाच जागी हवा. 'या पुरवठादाराचा किती माल परत आला?' असा आधी कुणाच्या ध्यानीमनी नसलेला प्रश्न पुढे आला, की टेबलांचा खरा उपयोग कळतो. म्हणून माहिती कशी वापरली जाणार याचा अंदाज नसेल, तर रिलेशनल डेटाबेसने सुरुवात करणे शहाणपणाचे.

'स्कीमा (माहितीचा ठरावीक साचा) आखावा लागत नाही' हे डॉक्युमेंट डेटाबेस घेण्याचे सर्वांत फसवे कारण. मोबाइलच्या जागी आधी एकच नंबर होता, नंतर नंबरांची यादी आली, तर दोन्ही प्रकार ओळखण्याचे काम प्रोग्रामवर पडते. स्कीमा तिथेही असतोच, फक्त कोडमध्ये विखुरलेला. शिवाय मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे. सतत वाढणाऱ्या प्रतिक्रिया लेखाच्याच डॉक्युमेंटमध्ये कोंबत गेल्यास ती कधीतरी आडवी येते.

दोन्ही पद्धतींमधले अंतर आता कमी झाले आहे. पोस्टग्रेसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसमध्ये २०१४ साली जेसन साठवणारा जेसनबी हा प्रकार आला. मोंगोडीबीने २०१८ मध्ये अनेक डॉक्युमेंटांवर चालणारी ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही होणार नाही अशी सोय) दिली. त्याच वर्षी 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने आपले लेख मोंगोडीबीतून पोस्टग्रेसक्यूएलमध्ये हलवले. स्वतः चालवलेल्या मोंगोडीबी क्लस्टरची (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या गटाची) देखभाल त्यांना जड जात होती. लेखांचे रूप मात्र त्यांनी बदलले नाही: नव्या टेबलातही ते जेसनबीच्या कॉलममध्ये डॉक्युमेंट म्हणूनच ठेवले.