अँझॅक बिस्किट
अँझॅक बिस्किट : ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत घरोघरी भाजले जाणारे, ओट्स आणि सुके खोबरे घातलेले बिनअंड्याचे गोड बिस्किट. पहिल्या महायुद्धातील ‘ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोर’ या संयुक्त सैन्यदलाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अँझॅक’ हे नाव बनले. हे दल २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पावर उतरले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून माघारी घेण्यात आले. २५ एप्रिल हा दोन्ही देशांत अँझॅक दिन म्हणून पाळतात व त्या सुमारास ही बिस्किटे विशेष केली जातात.

उगम : गॅलिपोलीत लढणाऱ्या सैनिकांसाठी घरच्या स्त्रियांनी ही बिस्किटे करून धाडली, असा सार्वत्रिक समज आहे. लेखी पुरावा मात्र त्याला पुरेसा आधार देत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ हेलन लीच यांनी जुनी पाकपुस्तके आवृत्तीनिहाय ताडून नाव आणि कृती यांचे इतिहास वेगवेगळे असल्याचे दाखवले. न्यूझीलंडमधील डनीडिन येथील ‘सेंट अँड्र्यूज कुकरी बुक’ या पुस्तकाच्या १९१५ च्या आवृत्तीत ‘अँझॅक’ नावाचा पदार्थ येतो. पण तो केक आहे. सिडनीत १९१७ साली निघालेल्या ‘वॉर चेस्ट कुकरी बुक’मध्ये ‘अँझॅक बिस्किट’ या नावाखाली भलतेच बिस्किट दिले असून आजच्या बिस्किटाशी जुळणारी कृती त्याच पुस्तकात निराळ्या, ओट्सच्या बिस्किटाच्या नावाने आढळते. डनीडिनच्या पुस्तकाच्या पुढील एका आवृत्तीत, बहुधा १९१९ ते १९२१ च्या दरम्यान, ‘अँझॅक क्रिस्पीज’ या शीर्षकाखाली नाव व कृती एकत्र आली. मेलबर्नच्या वृत्तपत्रांतही १९२० च्या आसपास अशा कृती छापल्या जात होत्या. त्यामुळे हे बिस्किट प्रथम कोणाचे, हा दोन देशांतील वाद केवळ सनावळ्यांवरून सुटण्यासारखा नाही. तथापि, युद्धाआधीपासून चालत आलेल्या ओट्सच्या बिस्किटाला युद्धकाळात किंवा त्यानंतर लगेच हे नाव चिकटले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लोणी व पाक वितळवून त्यात सोडा घालण्याची रीत जुन्या ब्रिटिश आल्याच्या केकमध्ये सापडते, आणि डनीडिन ही स्कॉटिश वसाहतकऱ्यांनी १८४८ मध्ये वसवलेली नगरी असल्याने ओट्स तेथे रोजच्या आहारातलेच होते.

सैनिकांना बिस्किटे मुळीच गेली नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. ओट्सची बिस्किटे आघाडीवर पाठवली जात. शिवाय निधी जमवण्यासाठी भरणाऱ्या जत्रांतून ती विकलीही जात. सैनिकी शिध्यातील ‘अँझॅक टाइल’ हा मात्र सर्वस्वी वेगळा पदार्थ. पीठ व पाण्याचे ते दगडासारखे कडक बिस्किट सैनिक कुटून, भिजवून पेजेसारखे खात. काहींनी त्यावर पत्रेसुद्धा लिहिली. दोहोंची गल्लत लोकप्रिय लेखनात वारंवार होते, ती टाळावी.

खोबरे हा या बिस्किटाचा आज अविभाज्य घटक मानला जात असला, तरी सुरुवातीच्या कृतींत ते नाही. त्याचा शिरकाव १९२० च्या दशकात झाला असावा. अंडी वगळण्याची कारणे दोन सांगतात : युद्धकाळातील टंचाई आणि टिकाऊपणा. दुसरे अधिक पटण्याजोगे आहे.

कृती व प्रक्रिया : प्रत्येकी एक कप ओट्स (वाफवून पोह्यांसारखे चपटे केलेले), मैदा व साखर, पाऊण कप सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, सुमारे १२५ ग्रॅम लोणी, दोन मोठे चमचे गोल्डन सिरप (साखरेचा दाट सोनेरी पाक), एक लहान चमचा खाण्याचा सोडा व दोन मोठे चमचे उकळते पाणी असे प्रमाण सर्वसाधारणपणे आढळते. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलि.चा, तर न्यूझीलंडमध्ये १५ मिलि.चा असल्याने एकच कृती दोन देशांत थोडी वेगळी उतरते. लोणी व सिरप वितळवून त्यात उकळत्या पाण्यात विरघळवलेला सोडा ओततात. सिरपमधील आम्लाशी सोड्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो व मिश्रण फसफसून वर येते. ते कोरड्या जिनसांत लगेच मिसळावे लागते. सोड्याच्या अल्कतेमुळे बिस्किटाला तांबूस रंगही लवकर चढतो. गोळे अंतर ठेवून मांडतात, कारण ते पसरतात. १६० ते १८० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटे पुरतात. भट्टीतून काढताना बिस्किट मऊच असते व निवताना घट्ट होते. नवशिक्यांची बिस्किटे बहुधा येथेच करपतात. चिवट की कुरकुरीत, याबाबत घराघरांत पक्के मतभेद आहेत. सिरपमधील अपवृत्त शर्करा (साखरेचे विघटन होऊन बनलेले ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे मिश्रण) ओलावा धरून ठेवते, म्हणून सिरप जास्त व भाजणे कमी झाल्यास बिस्किट चिवट राहते.

नावाचे संरक्षण : ऑस्ट्रेलियात ‘अँझॅक’ या शब्दाचा व्यापारी वापर १९२१ च्या नियमांनुसार परवानगीशिवाय करता येत नाही. बिस्किटांना मुभा आहे, मात्र पारंपरिक कृती व आकारापासून फारकत नसावी आणि त्यांना ‘कुकी’ म्हणू नये, अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्रात गोल्डन सिरप सहज मिळत नसल्यास काकवी वापरता येते. रंग गडद व चव गुळाची येते. ओला नारळ टाळावा. त्यातील पाण्यामुळे बिस्किट लिबलिबीत होते व टिकत नाही.