फ्लुरोयुरॅसिल : पाण्यातील मुक्त मूलक रसायन

फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगावरील औषध चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या गटाने १९५७ मध्ये पुढे आणले. युरॅसिलच्या वलयात पाचव्या कार्बनवर हायड्रोजनऐवजी फ्लोरिन, रेणुभार १३०. पाण्यात हायड्रॉक्सिल मूलक (OH, एक सुटा इलेक्ट्रॉन असलेला अतिक्रियाशील कण) याच्या पाचव्या-सहाव्या कार्बनमधील दुहेरी बंधावर जोडले जाते. वेगस्थिरांक (अभिक्रिया किती झपाट्याने होते याचे माप) सुमारे ५०० कोटी लिटर प्रति मोल प्रति सेकंद, म्हणजे भेट झाली की बहुतेक वेळा अभिक्रिया झालीच. मूलक पाचव्या कार्बनवर बसले तर फ्लोराइड सुटते. पाण्यात ऑक्सिजन असेल तर पुढे पेरॉक्सिल मूलक बनते आणि वलय फुटते.

ऊर्ध्वपातित पाण्यात हे सरळ घडते. मराठवाड्यातील बेसॉल्टमधल्या बोअरच्या पाण्यात नाही. त्या पाण्याला बोलीत ‘जड’ म्हणतात (अणुभट्टीतले जड पाणी वेगळे). लिटरला ४०० मिग्रॅ बायकार्बोनेट आणि १ मिग्रॅ औषध धरा. बायकार्बोनेटचा वेगस्थिरांक जेमतेम ८५ लाख, पण संख्याबळ मोठे : दर पाच मूलकांपैकी तीन तेच खाते, औषधाला दोन उरतात. शिवाय त्यातून तयार होणारे कार्बोनेट मूलक बरेच सौम्य असते.

फेरस क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांतून हायड्रॉक्सिल मूलके बनवण्याच्या फेंटन पद्धतीत सामू (pH) ३ च्या आसपास आणावा लागतो. वरच्या पाण्याला त्यासाठी लिटरमागे साधारण ७ मिलिसममूल्य (मिलिइक्विव्हॅलंट) आम्ल आधी बायकार्बोनेटच गिळते. मात्र ते कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेले की मूलकांची चोरीही थांबते. आम्लात कसर केली, सामू ४ च्या वर राहिला, तर लोह तांबूस गाळ होऊन खाली बसते आणि अभिक्रिया मंदावते. पेरॉक्साइड मात्र सढळ ओतू नये : तेही मूलके खाते (वेगस्थिरांक २.७ कोटी).

काम हायड्रॉक्सिल मूलकाचेच आहे का, हे ती मूलके टिपून घेणारे तृतीयक ब्युटेनॉल घालून पाहतात. ऱ्हास थांबला तर होय. औषधाचे २६६ नॅनोमीटरवरचे अतिनील शोषण गेले म्हणजे दुहेरी बंध गेला एवढेच. रेणू संपला असे नव्हे.

फ्लोराइड मोजणे अधिक खात्रीचे, पण १ मिग्रॅ औषधातून सगळे मिळून ०.१५ मिग्रॅ फ्लोराइड निघते. किनवट तालुक्यात काही ठिकाणी भूजलातच १.५ मिग्रॅच्या वर फ्लोराइड आहे. तिथले पाणी घेतले तर ही वाढ त्यात बुडून जाते. फेंटननंतर फ्लोराइड मोजणारे विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) थेट बुडवू नये. फेरिक लोह फ्लोराइडला बांधून ठेवते, आम्लात काही भाग हायड्रोफ्लोरिक आम्ल होतो, आणि वाचन कमी येते. आधी सामू ५ ते ५.५ करणारे, लोह बांधणारे बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) मिसळावे.