नांगरलेली होडी आणि ड्रोनचं हलतं घर

नांगर टाकला की होडी थांबली, असं आपण म्हणतो. होडीत बसलेल्या माणसापुरतं ते खरंही असतं. ड्रोनच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळी आहे. जिथून तो उडतो ती जागा त्याच्या लेखी नकाशावरचा एक पक्का बिंदू असते, आणि त्या बिंदूवर होडी टिकत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तारकर्ली-देवबागला होडीतून ड्रोन उडवणारे हल्ली बरेच दिसतात. एखादा ड्रोन पाण्यात गेला की सगळा दोष वाऱ्याला दिला जातो. वारा असतोच, पण मुळात ड्रोनची जवळजवळ सगळी गणितं ‘पायाखालची जमीन स्थिर आहे’ या गृहीतकावर उभी असतात, आणि होडी ते गृहीतकच मोडते.

आधी त्याच्या घराचं बघू. उड्डाणाच्या वेळी उपग्रहांचे पुरेसे सिग्नल मिळाले की ड्रोन ती जागा ‘होम पॉइंट’ म्हणून नोंदवून ठेवतो. सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की तो तिथेच परततो. आता 5 मीटर खोल पाण्यात नांगर टाकला आहे आणि खोलीच्या पाचपट, म्हणजे 25 मीटर दोर सोडला आहे असं धरा. दोर ताणला गेला तर होडी नांगरापासून साधारण साडेचोवीस मीटरवर उभी राहते. भरतीची ओहोटी झाली, पाण्याचा ओढा उलटला, की ती नांगराभोवती फिरून पलीकडच्या बाजूला जाते. आधीची जागा आणि आताची जागा यांत जवळजवळ 50 मीटरचं अंतर पडतं. तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, यात काहीच नवल वाटत नाही. ड्रोन मात्र जुन्याच बिंदूवर येतो आणि शांतपणे खाली उतरू लागतो. खाली समुद्र असतो.

बहुतेक ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये होम पॉइंट रिमोटच्या जागेवर आणून ठेवता येतो. उड्डाण चालू असताना तो अधूनमधून बदलत राहावा. सिग्नल तुटला तर परत ये, खाली उतर की आहे तिथेच थांब, हेही आधी ठरवून ठेवता येतं. होडीवरून उडवताना मला ‘थांब’ हा पर्याय बरा वाटतो, कारण रिमोट उंच धरून, जागा बदलून संपर्क पुन्हा जोडायला वेळ मिळतो. अर्थात हे सगळं बॅटरी शिल्लक असेपर्यंतच.

दुसरी अडचण उडण्याआधीच येते. ड्रोनमधला जायरोस्कोप आपण किती वळतोय ते मोजतो. पण या चिमुकल्या सेन्सरमध्ये स्थिर असतानाही थोडी चूक शिल्लक असते. म्हणून सुरू होताना ड्रोन काही क्षण आपण अजिबात हलत नाही असं मानतो, त्या वेळी जे आकडे दिसतील ते चूक म्हणून नोंदवतो आणि पुढे वजा करत राहतो. डुलत्या होडीवर त्याला खरा डोल आणि सेन्सरची चूक यांतला फरक कळत नाही. कधी तो सुरूच व्हायला नकार देतो, कधी चुकीचं माप घेऊन उडतो. हे कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची चूक नोंदवून घेणं, आदल्या दिवशी घरच्या फरशीवर करावं, आणि होडीत ड्रोन फळीवर न ठेवता हातात धरून सुरू करावा. आपला खांदा आणि कोपर बराचसा डोल जिरवतात.

कंपासचं, म्हणजे ड्रोनमधल्या होकायंत्राचं, प्रकरण यापेक्षा गंभीर आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार क्षीण, जागेनुसार 25 ते 65 मायक्रोटेस्ला. डिझेल इंजिन, नांगराची साखळी, स्पीकरचा चुंबक यांपैकी काहीही हातभर अंतरावर असलं तरी कंपास सहज चुकतो. समजा तो 60 अंशांनी चुकला. वाऱ्याने ड्रोन पूर्वेला सरकला, जीपीएसने ते सांगितलं, ड्रोन पश्चिमेकडे परतायला निघाला. पण पश्चिम कुठे हेच चुकलेलं, त्यामुळे तो भलत्याच दिशेला गेला. त्याने पुन्हा दुरुस्ती केली, तीही वाकडी. अशा वाकड्या दुरुस्त्यांमुळे ड्रोन गोल गोल, मोठ्या होत जाणाऱ्या घेऱ्यात फिरू लागतो. उडताक्षणी असं काही दिसलं तर पुढे नेऊ नये.

वाऱ्याच्या बाबतीत नांगरलेली होडी उलट मदत करते. पाण्याचा ओढा फार नसेल तर तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आपोआप वाऱ्याकडे होते. ड्रोन मागच्या बाजूने सोडला की वारा त्याला डोलकाठीपासून दूर नेतो. परत घेतानाही त्याला मागूनच, वाऱ्याकडे तोंड करून आणावा. फळीवर उतरवू नये. ड्रोन उतरत असताना फळी वर येते तेव्हा आपटतो, खाली जाते तेव्हा त्याला जमीन लागलीच नाही असं वाटतं. सरावलेल्या माणसाने, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून तो हवेतच पकडावा.

सकाळी कोकणात मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, दुपारी खारे वारे उलट. सेकंदाला 10 मीटर वेगाचा ड्रोन 6 मीटर वेगाच्या वाऱ्याबरोबर एक किलोमीटर जायला मिनिटभर घेतो, परत यायला चार मिनिटांहून जास्त. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं. सकाळी याचा अर्थ किनाऱ्याकडे.

पाण्याच्या अगदी जवळ जाण्याचा मोह आवरावा. ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे खालच्या खुणा बघून जागा धरून ठेवतात. लाटा हलल्या की तो लाटांबरोबर सरकतो. आणि उंची? ती मुख्यतः हवेच्या दाबावरून ठरते. समुद्रसपाटीजवळ साधारण सव्वाआठ मीटर वर गेलं की दाब 1 हेक्टोपास्कलने (दाब मोजायचं एकक) उतरतो. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत सुमारे 3 हेक्टोपास्कलने उतरतो. केवळ दाबावर विसंबलेल्या ड्रोनला या वेळात आपण हळूहळू वर चाललोय असं वाटतं, म्हणून तो खाली येतो: तासाला सुमारे 4 मीटर. वीस मिनिटांत सव्वा मीटरहून जास्त. लाटांवर दोन मीटर उंचीवर तरंगणाऱ्या ड्रोनसाठी हा हिशेब जीवघेणा आहे.

उंचीची हीच बाब विज्ञानातही अडते. 2014 साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी सहा पात्यांचा ड्रोन बोटीवरून उडवून ऑर्कांची (किलर व्हेल) वरून छायाचित्रं घेतली. कोण खंगलंय, कोण गाभण आहे हे त्या छायाचित्रांवरून कळलं, आणि प्राण्यांना हात लावावा लागला नाही. पण छायाचित्रातून लांबी काढायची तर उंची अचूक लागते. 30 मीटरवर एका मीटरची चूक म्हणजे लांबीत तीन टक्क्यांहून अधिक चूक. सहा मीटरच्या ऑर्कात वीस सेंटिमीटर. खंगलेला आणि धडधाकट यांतला फरक एवढ्यात पुसला जाऊ शकतो. म्हणून अशा मोजमापासाठी आता ड्रोनला लेझर उंचीमापक जोडतात.

पाण्याखालचे खडक टिपायचे असतील तर पोलरायझिंग फिल्टर लावून कॅमेरा क्षितिजाच्या 37 अंश खाली झुकवावा. या कोनात पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो आणि फिल्टर तो अडवतो. सरळ खाली बघताना फिल्टरचा उपयोग होत नाही.

नियमांचं म्हणाल तर 2021 च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न घेता उडवता येणाऱ्या, क्षेत्रात 120 मीटरपर्यंत उडवता येतं. चिपीचा विमानतळ जवळ असल्याने मालवण-देवबाग पट्ट्यात सरकारचा डिजिटल स्काय हा ड्रोन-क्षेत्रांचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीबाहेर काढू नये. डॉल्फिनच्या डोक्यावर घिरट्या तर मुळीच घालू नयेत.

परतल्यावर ड्रोन कोरडा दिसतो, म्हणून तसाच पिशवीत जातो. पण मीठ आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि कोकणात तेवढी आर्द्रता नेहमीची. मोटरच्या तारांवर, बेअरिंगमध्ये बसलेलं खारं पाणी पिशवीतही धातू खात राहतं. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पाती आणि सांगाडा पुसावा, मोटरांच्या फटी मऊ ब्रशने झाडाव्यात, आणि बॅटरी काढून सगळं रात्रभर पंख्याखाली ठेवावं.