एक फ्रँक जास्त कमावला तर टॅक्स किती वाढतो? जोसेफ कायो आणि स्लॅबची भानगड

दर मार्चमध्ये ऑफिसात एक तरी जण भेटतोच, जो म्हणतो यंदा इन्क्रिमेंट नको बाबा, वरच्या स्लॅबमध्ये गेलो तर हातात उलट कमी येईल. चांगली शिकलेली माणसं बोलतात हे, आणि आजूबाजूचे चारजण मान डोलावतात. यावर लिहायचंच तर थेट फ्रान्सला जाऊ, कारण तिथे इन्कम टॅक्स आणायचा की नाही यावरून जवळजवळ वीस वर्षं भांडणं चालली आणि त्या राजकारणात एका संपादकाचा जीवही गेला.

या भांडणाच्या मधोमध उभा असलेला माणूस म्हणजे जोसेफ कायो. जन्म 1863, ल माँ शहरातला, बाप मंत्री राहिलेला, घरी पैसा भरपूर. अर्थखात्याच्या तपासणी विभागात नोकरी केली, फ्रेंच करांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, 1898 ला मामेर मतदारसंघात एका ड्यूकला हरवून खासदार झाला आणि पुढच्याच वर्षी थेट अर्थमंत्री. तेव्हा फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळातले चार जुने कर चालू होते, त्यातला एक तर घराची दारं-खिडक्या मोजून लावायचा. हसू येतं, पण त्यामागे लॉजिक होतं: सरकारी माणसाने घरात शिरून तुमची मिळकत विचारायची नाही, रस्त्यावरून दिसेल तेवढंच मोजायचं. मग लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. ऊन-वारा बंद, टॅक्स वाचला! हा कर पूर्णपणे जायला 1926 उजाडलं. आपल्याकडे इंग्रजांनी 1860 सालीच इन्कम टॅक्स लावला होता, म्हणजे या बाबतीत कलकत्ता पॅरिसच्या पुष्कळ पुढे.

कायोने 1907 ला पंतप्रधान क्लेमांसोच्या सरकारात अर्थमंत्री असताना इन्कम टॅक्सचं बिल मांडलं. खालच्या सभागृहाने 1909 मध्ये पास केलं आणि सिनेटने ते दाबून ठेवलं. 1911 ला तो पंतप्रधान झाला, मोरोक्कोवरून जर्मनीशी युद्ध पेटायची वेळ आली तेव्हा याने वाटाघाटी करून ते टाळलं, त्यामुळे राष्ट्रवादी मंडळी कायमची खवळली. मग 1914 च्या सुरुवातीला ‘ल फिगारो’ या वर्तमानपत्राचे संपादक गास्तों काल्मेत यांनी त्याच्याविरुद्ध मोहीमच उघडली आणि त्याचं 1901 चं एक खासगी पत्र छापलं. त्यात हा पठ्ठ्या लिहितो की इन्कम टॅक्सला पाठिंबा देतोय असं दाखवून मी तो चिरडला! आणखी खासगी पत्रं बाहेर येतील या भीतीने त्याची बायको आँरिएत 16 मार्चला पिस्तूल घेऊन संपादकांच्या ऑफिसात गेली आणि गोळ्या झाडल्या. काल्मेत गेले, कायोने राजीनामा दिला. खटला जुलैत चालला आणि 28 तारखेला ती निर्दोष सुटली, त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

या गदारोळात 15 जुलै 1914 ला इन्कम टॅक्सचा कायदा मात्र पास झाला. कायो तेव्हा मंत्री नव्हता, आणि त्याच्या मूळ योजनेतला अर्धाच भाग त्यात होता. पण त्या कायद्यातलं गणित मला प्रचंड आवडतं. दर एकच, 2 टक्के. वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाचे पाच-पाच हजार फ्रँकचे तुकडे करायचे. पहिले 5,000 शून्य धरायचे. पुढच्या 5,000 चा एक पंचमांश धरायचा, त्यापुढच्याचा दोन पंचमांश, मग तीन, मग चार, आणि 25,000 च्या वरचं सगळं पूर्ण धरायचं. समजा 25,000 उत्पन्न आहे. धरायची रक्कम 0 + 1,000 + 2,000 + 3,000 + 4,000 = 10,000, टॅक्स 200 फ्रँक. आता 25,001 कमावले. पूर्ण दराने मोजायचा तो फक्त शेवटचा एक फ्रँक, म्हणून टॅक्स 200.02. खालचे तुकडे जागच्या जागी.

हेच उलट केलं असतं, म्हणजे तुम्ही ज्या तुकड्यात पोचलात त्याचा दर सगळ्या उत्पन्नाला लावला असता, तर 25,000 वर 1.6 टक्क्यांनी (2 चे चार पंचमांश) 400 आणि 25,001 वर 2 टक्क्यांनी 500.02. एक फ्रँक जास्त कमावून शंभरचा खड्डा. आपला ऑफिसवाला मित्र याच खड्ड्याला घाबरतो, जो तिथे नाहीच. आपलं लाइट बिल बघा, 101 वं युनिट महाग पडतं पण म्हणून पहिली शंभर महाग होत नाहीत.

गणिताच्या भाषेत सांगायचं तर T(x), म्हणजे x उत्पन्नावरचा टॅक्स, हे फंक्शन सलग आहे, तुटत नाही, फक्त प्रत्येक टप्प्यावर त्याचा उतार बदलतो: 0, 0.4, 0.8, 1.2, 1.6, 2 टक्के. उतार म्हणजे मार्जिनल दर, शेवटच्या फ्रँकला लागणारा, आणि T(x) भागिले x म्हणजे सरासरी दर. 30,000 वर मार्जिनल 2 टक्के पण टॅक्स 300, सरासरी फक्त 1 टक्का. उतार कायम 1 च्या, म्हणजे 100 टक्क्यांच्या, खाली असला की x − T(x), म्हणजे हातात उरणारे पैसे, नेहमी वाढतंच, म्हणून जास्त कमावून हातात कमी येणं शक्यच नाही, प्रूफ संपलं. (डेरिव्हेटिव्ह नको असेल त्यांनी वरचा 200.02 चा आकडा लक्षात ठेवला तरी चालेल.)

पण थांबा, उतार 1 च्या खाली असेल तरच. आपल्या नव्या रेजीममध्ये 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या टॅक्सेबल उत्पन्नाला रिबेट आहे, टॅक्स शून्य. स्लॅबप्रमाणे बघितलं तर 12 लाखांवर 60,000 बसतात, म्हणजे रिबेट संपल्यासंपल्या खरोखरचा खड्डा पडला असता. तो बुजवायला मार्जिनल रिलीफ ठेवलाय: 12 लाखांच्या वर जेवढं कमवाल त्याहून जास्त टॅक्स घेणार नाही. त्यामुळे साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत वरचा प्रत्येक रुपया टॅक्समध्येच जातो, शिवाय सेस आहेच. त्या चिंचोळ्या पट्ट्यात मित्राचं म्हणणं जवळपास बरोबर आहे, बाकी कुठल्याही साध्या स्लॅबवर नाही. आणि हो, ‘सगळे टॅक्स बंद करा, बँकेच्या व्यवहारावर एकच टॅक्स लावा, देश सोन्याचा होईल’ हे फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका. कच्च्या मालापासून दुकानापर्यंत माल पाच हातांतून गेला तर तो टॅक्स पाचदा बसतो, हे त्यात कोणी लिहीत नाही. ते गंडेदोरेच, फक्त एक्सेलमध्ये बांधलेले.

फ्रान्समधल्या टॅक्सच्या विरोधकांचंही तेच होतं म्हणा. दोन टक्क्यांसाठी ते सरकारी छळवादाच्या, खासगी आयुष्य संपण्याच्या गोष्टी करत होते. वसुली 1916 ला सुरू झाली, युद्धाने तिजोरी रिकामी केली, आणि 1920 मध्ये वरचा दर 50 टक्क्यांवर गेला. 2 वरून 50, सहा वर्षांत! कायो मात्र तेव्हा गुन्हेगार ठरलेला होता. 1918 च्या जानेवारीत क्लेमांसोने, ज्याच्या सरकारात तो अर्थमंत्री होता त्यानेच, शत्रूशी संधान बांधल्याच्या संशयावरून त्याला आत टाकलं आणि 1920 ला सिनेटने शिक्षा सुनावली. नंतर माफी मिळाली, 1925 ला गडी परत अर्थमंत्री, मग सिनेटर. आणि 1937 मध्ये लेऑं ब्लूमच्या समाजवादी सरकारने आर्थिक संकटासाठी खास अधिकार मागितले तेव्हा ते सिनेटमध्ये अडवून सरकार पाडणाऱ्यांत पुढे होता तो हाच, एकेकाळी श्रीमंतांचा शत्रू म्हणून बदनाम झालेला कायो.