मुंबई बंदरातून गेलेलं पत्र

राष्ट्रीय विज्ञान दिन आला की शाळाशाळांत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार पडतो आणि २८ फेब्रुवारी १९२८ चा 'रामन परिणामा'चा शोध सांगितला जातो. त्याची सुरुवात मात्र सात वर्षं आधी बोटीच्या डेकवर झाली होती, तीही परावर्तनाबद्दलच्या एका शंकेतून. इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतताना रामन यांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकासाठी समुद्राच्या रंगावर एक पत्र लिहिलं. त्यावर ठिकाण आहे मुंबई बंदर, तारीख २६ सप्टेंबर १९२१. (निळ्याशार पाण्याबद्दलचं पत्र आमच्या गढूळ बंदरातून जावं, ही गंमतच.)

शंका अशी. आकाश निळं का, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी विकिरणाने, म्हणजे हवेतून जाताना प्रकाश विखुरण्याने, समजावलं होतं. समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात दिसणारं आकाशच, असं त्यांचं मत. पटण्यासारखंच होतं, पण तपासायचं कसं? आकाश तर झाकता येत नाही. परावर्तन मात्र पुसता येतं, आणि ही युक्ती आली पॅरिसहून.

आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे, हे ग्रीकांना ठाऊक होतं. आपणही शाळेत तेवढंच घोकतो: किरण कुठल्या दिशेने आला, कुठे गेला. आपटून परतलेला उजेड स्वतः बदलतो का, हा प्रश्न दोन हजार वर्षं कुणाला सुचला नाही.

१८०८ मध्ये एतियेन मालू हा फ्रेंच लष्करी अभियंता घराच्या खिडकीतून समोरचा लुक्झेंबर्ग राजवाडा पाहत होता. मावळतीचं ऊन तिथल्या काचांवर चमकत होतं. त्याच्या हातात कॅल्साइटचा स्फटिक होता, ज्यातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तशी एक प्रतिमा मंदावली, आणखी फिरवल्यावर दुसरी. थेट सूर्यप्रकाशात असं होत नाही. म्हणजे काचेवरून परतताना उजेडात काहीतरी निवड झाली होती. मालू प्रकाशाला कण मानायचा आणि कणांना ध्रुव असतील अशी त्याची कल्पना. कल्पना गेली, पण 'ध्रुवण' (पोलरायझेशन) हा शब्द राहिला. आज आपण प्रकाशाला लाट मानतो: साध्या उजेडात तिची कंपनं सगळ्या आडव्या-उभ्या दिशांना असतात, ध्रुवण झालेल्या उजेडात एकाच.

१८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने कोनाचं गणित बसवलं. परावर्तित आणि अपवर्तित (आत शिरताना वळलेला) किरण एकमेकांशी काटकोनात आले की परावर्तित उजेडात एकाच दिशेची, पृष्ठभागाला समांतर, कंपनं उरतात. पाण्यासाठी हा आपतन कोन, म्हणजे पृष्ठभागावर उभ्या लंबापासूनचा कोन, सुमारे ५३ अंश. पुढे १८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोलने कॅल्साइटचे दोन तुकडे चिकटवून लोलक केला. तो एकाच दिशेची कंपनं पुढे सोडतो, उरलेला उजेड बाजूला फेकतो.

रामन यांनी डेकवरून नेमका याच कोनात समुद्र पाहिला, डोळ्याशी निकोल लोलक धरून. आकाशाची चकाकी विझली. रॅले बरोबर असते तर निळाईही जायला हवी होती. उलट ती जास्तच गडद झाली! रंग आतून येत होता. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कलकत्त्याला पोचल्यावर द्रवांमधलं विकिरण हाच त्यांचा ध्यास झाला आणि त्यातून १९२८ चा शोध निघाला.

अर्थात तेही पूर्ण उत्तर नव्हतं. पाणी तांबडा प्रकाश थोडा थोडा शोषून घेतं, याचा निळाईतला वाटा मोठा आहे, असं आज मानतात.

खेळ मात्र घरी करता येतो. पोलराइज्ड गॉगल घ्या आणि पावसानंतर साचलेल्या डबक्याकडे तिरकं बघा. तळाचे खडे दिसतील. आता गॉगल हातात धरून काटकोनात फिरवा. खडे गायब, वर आकाश. आरशासमोर हे करून उपयोग नाही. काचेमागचा धातूचा थर अशी निवड जवळजवळ करतच नाही.