कलाश्रय, कोकणातील

कोकणात कलावंताला आणि गावच्या कलामंडळाला मिळणारा आधार. पैसा हा त्याचा एक भाग झाला. जत्रेतली हक्काची रात्र, गावकऱ्यांकडचे जेवण, तोंड रंगायला नि सामानाचा पेटारा उतरवायला देवळाच्या आवारातली जागा, हेही त्यातच येते.

सर्वांत जुना आश्रय देवस्थानांचा. सिंधुदुर्गात त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि दशावतारी नाटके, म्हणजे पुराणकथांवरची लोकनाट्ये, पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. मोचेमाडकर, वालावलकर, खानोलकर, आजगावकर, चेंदवणकर या मंडळांच्या नावांतच त्यांची गावे आहेत. कोणत्या जत्रेत कोणी नाटक करायचे हे पुष्कळ ठिकाणी पिढ्यानपिढ्या ठरलेले असते, म्हणून मंडळाच्या मालकाला हंगामाचा अंदाज बांधता येतो. एवढा भरवसा सरकारी अनुदानाने क्वचितच दिला असेल. नवसाची नाटके वेगळी. पाऊस लागला की मात्र बिदागी थांबते आणि रात्री राजा झालेला नट तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपांच्या कामाला, उभा राहतो.

रत्नागिरीकडे नमन-खेळे हे लोकनाट्य आणि जाखडी हा लोकनाच यांचा आधार मुंबईचा चाकरमानी. गाववाल्यांची मंडळे वर्गणी काढतात, मुंबईत प्रयोग लावतात. परळचे दामोदर नाट्यगृह अशा प्रयोगांसाठी ओळखले जाई. गंमत अशी, की तिकिटांचा पैसा पुष्कळदा गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला किंवा शाळेला जातो. इथे कलाच गावाला पोसते.

राज्य शासन वृद्ध साहित्यिक व कलावंतांना 1954-55 पासून मानधन देते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणींप्रमाणे रक्कम कमी-जास्त असे. 2024 मध्ये सर्वांना दरमहा 5,000 रुपये ठरले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. निवड जिल्हा समिती करते. अडचण पुराव्याची. दशावताराला लिखित संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात. उभी हयात रंगपटात गेलेल्या माणसापाशी कात्रणे आणि प्रमाणपत्रे कुठून असणार?

संस्थानी आश्रयाचे धागे कुडाळ-सावंतवाडी भागात दिसतात. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीला (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांना सावंतवाडी दरबाराचा आधार होता. तो सरल्यावर परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचेच संग्रहालय केले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांची कला, मात्र सावंतवाडीच्या राजवाड्यातच तगली. राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या चिताऱ्याकडून ती समजून घेतली आणि वाड्यातच कारखाना उभा केला. तिथे कारागीर गोल पत्त्यांवर दशावतार रंगवतात आणि आलेले पर्यटक ते विकत नेतात.