खानदेशातील शाकाहार व दमसास

खानदेशातील शाकाहार व दमसास : जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे आणि त्यांना लागून असलेला नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, बागलाण, देवळा, कळवण हा पट्टा, एवढ्या प्रदेशात धान्य-कडधान्यांचा रोजचा आहार आणि तासन्‌तास चालणारे अंगमेहनतीचे काम यांची जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शेतातली मेहनत, पायी यात्रा आणि गेल्या काही दशकांत पोलीस व सैन्यभरतीसाठीची धाव या तिन्ही ठिकाणी ही जोडी दिसते. या आहाराने दम टिकतो, पण तो कष्टकऱ्याच्या मापाने खाल्ला तरच. माप घटले की तेच ताट अपुरे पडते.

खानदेश हा सरसकट शाकाहारी प्रदेश नाही. काळ्या मसाल्याचे मटण ही इथली ओळख आहे, आणि सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, तडवी घरांत कोंबडी, मासे, खेकडे आवडीने खाल्ले जातात. पण मांस शिजते ते बाजाराच्या दिवशी, सणावाराला किंवा पाहुणा आला तर. एरवी भाकरी, डाळ, भाजी, चटणी. शाकाहारात इथे दूध-ताक धरलेले असते. मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरी दूध चहापुरतेच येते, फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची असते आणि तूप सणाला निघते. त्यामुळे शहरात आज ज्याला आवर्जून ‘व्हीगन’ म्हणतात, म्हणजे ज्यात दूध-तूपही चालत नाही, त्याच्या अगदी जवळचे जेवण इथल्या लाखो घरांत कोणतेही नाव न देता रोज होत आले आहे. त्यामागे आवड होती तशी गरिबीही होती. या आहाराचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर या नद्यांच्या काठची काळी जमीन ज्वारी, उडीद, मूग, तूर, भुईमूग आणि कापूस पिकवते. रावेर-यावल भागात केळीच्या बागा आहेत. जळगावची केळी आणि भरिताची वांगी या दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नवापूरच्या तूरडाळीचीही तशीच ख्याती आहे. सातपुड्याच्या उतारावर मका, भगर आणि मोहाची फुले यांचा आधार असतो.

कळण्याची भाकरी

या सगळ्या आहाराचा कणा म्हणजे कळणा. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि थोडे मीठ घालून ते किंचित जाडसर दळायचे, की कळण्याचे पीठ तयार होते. प्रमाण घरोघरी वेगळे असते. चारास एक हे बहुतेकांचे, तीनास एक हे जरा हौसेचे. रब्बीची दादर ज्वारी असेल तर भाकरीला चव आणि पांढरेपणा दोन्ही येतात. उडदाच्या चिकटपणामुळे पीठ थापताना तुटत नाही, म्हणून भाकरी मोठी थापता येते. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, तिखटावर ओतलेले कच्चे तेल, अंबाडीची भाजी किंवा भरीत असते. हिवाळ्यात शेतातच काड्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत केले जाते आणि त्या दिवशी किती भाकरी गेल्या याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

पोषणाच्या दृष्टीने कळणा फार विचारी पदार्थ आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, उडदात ते भरपूर असते. उडदात मिथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी, ते धान्य भरून काढते. एकाच पिठात दोन्ही आल्यामुळे शरीराला वापरता येतील अशी प्रथिने वाढतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम आणि तितक्याच उडदात २२ ते २४ ग्रॅम प्रथिने धरली, तर चारास एक या मापाच्या १०० ग्रॅम कळण्यातून साधारण १२ ते १३ ग्रॅम मिळतात. एका मोठ्या भाकरीला जवळपास एवढेच पीठ लागते. सालामुळे आणि जाड दळणामुळे ती हळूहळू पचते. सकाळी कळणा खाऊन गेलेला माणूस दुपारपर्यंत भूक लागल्याची तक्रार करत नाही, हा शेतकऱ्यांचा अनुभव आहे.

नेमका हाच गुण शर्यतीच्या सकाळी आड येतो. पोटात रेंगाळणारे, भरपूर चोथ्याचे अन्न खाऊन जोरात धावले तर पोटात कळ येते, मळमळते. म्हणून भरतीच्या धावेची तयारी करणारी अनुभवी मुले कळण्याची भाकरी आदल्या दिवशी दुपारी खातात, रात्री साधी खिचडी किंवा वरण-भात घेतात आणि सकाळी धावण्याच्या तासभर आधी एखादे केळे खातात. दिवसभर वखर धरण्यासाठी घडलेला पदार्थ पाच-सहा मिनिटांच्या धावेआधी उपयोगाचा नाही, यात त्याचा कमीपणा मुळीच नाही.

कळण्याखेरीज तुरीच्या भरडलेल्या डाळीचे वाफवलेले फुणके कढीबरोबर खाल्ले जातात. बेसनाच्या पातोड्या, डुबुकवडे आणि उडदाची घोटलेली डाळ हेही कडधान्याचेच प्रकार. भाजी महाग झाली की कडधान्यावर वेळ निभावायची, ही इथल्या बायकांची जुनी युक्ती आहे. बट्टी, म्हणजे कणकेचे भाजलेले किंवा तळलेले गोळे, मात्र तूप मागते आणि ती कामाच्या दिवसाची नव्हे. शेवभाजी आता खानदेशाची खूण म्हणून ढाब्या-ढाब्यावर मिळते. तळलेली शेव आणि तर्रीदार रस्सा यांतून तेलच अधिक जाते, दमाला तिचा फारसा आधार नाही. कष्ट कमी झाले, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्या, आणि ताटात भाकरीच्या जागी शेवभाजी बसली, हा गेल्या तीस-चाळीस वर्षांतला बदल काळजी वाटावी असा आहे.

चालण्याची परंपरा

दम वाढवण्याचा सराव म्हणून इथे कोणी चालत नसे. देवाच्या दर्शनासाठी चालत. चैत्रात, रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर यात्रा भरते आणि धुळे, जळगाव, नंदुरबारमधून हजारो माणसे वणीच्या वाटेला पायी लागतात. ऊन चाळिशी ओलांडलेले असते, त्यामुळे पहाटे आणि रात्री चालायचे, दुपारी झाडाखाली किंवा शाळेच्या ओसरीत पडायचे, हा शिरस्ता. रोजचा टप्पा पंचवीस-तीस किलोमीटरचा. वाटेतल्या गावांतून केळी, सरबत, ताक, खिचडी वाटली जाते. यात्रा संपेपर्यंत मांस-मद्य वर्ज्य. शेवटी डांबराचे चटके सोसलेल्या पायांनी गडाच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या असतात. ज्याने घरून निघण्याआधी महिनाभर शेतात काम केलेले आहे तो हे सहज करतो. दुकानात बसून राहणाऱ्याचे तिसऱ्या दिवशी गुडघे आणि टाचा बोलू लागतात, आणि श्रद्धा कितीही असली तरी शरीराला आधी सवय द्यावी लागते.

मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी जळगाव, बुलढाणा, जालना, बीड, सोलापूर असे जिल्हे ओलांडत पंढरपूरला पोचते. ज्येष्ठाच्या सुरुवातीला निघून आषाढी गाठायची, म्हणजे महिन्याहून अधिक काळ सलग चालणे. माळकरी वारकरी एरवीही मांस खात नाहीत. वारीत रोजचे जेवण पोळी किंवा भाकरी, डाळ, भात, पिठले, आणि एकादशीला भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा. उपवासाच्या दिवशीही टप्पा चुकत नाही. साठी-सत्तरीतली माणसे महिनाभर रोज वीस किलोमीटरच्या पुढे चालतात, हे पाहिले की दमासाठी मांस हवेच हा समज गळून पडतो. सातपुड्यात दिवाळीच्या सुमारास आदिवासी तरुणांची अस्तंबा यात्रा निघते. तळोद्याकडून डोंगरदऱ्या तुडवत सुमारे १३०० मीटर उंचीच्या शिखरावर जायचे, तेही अरुंद, दगडी वाटांनी.

धावण्याचा एक प्रसंग इतिहासात नोंदला गेला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. त्यासाठी मुंबईहून ज्योत निघाली आणि धावणाऱ्या स्वयंसेवकांनी ती टप्प्याटप्प्याने फैजपूरपर्यंत आणली.

शाकाहाराला धर्म आणि सुधारणा या दोन्ही बाजूंनी बळ मिळाले. वारकरी आणि महानुभाव पंथांचा प्रभाव खेड्यापाड्यांत आहेच. १९२२च्या सुमारास कोकणपट्टीकडून आलेली, अंगात येणाऱ्या ‘देवी’च्या आज्ञेवर चालणारी आदिवासींची चळवळ नाशिक, पश्चिम खानदेश (आजचे धुळे-नंदुरबार) आणि पुढे गुजरातकडे पसरली, दारू, ताडी आणि मांस सोडा, रोज अंघोळ करा, असे सांगणाऱ्या सभा पाड्यापाड्यांवर भरल्या. पुढे १९३०च्या दशकात तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये याच धर्तीवर मोठे काम उभे केले. सावकार आणि दारूच्या गुत्तेदाराच्या कचाट्यातून सुटण्याशी आहाराची ही शिस्त जोडलेली होती, त्यामुळे तिच्याकडे केवळ सोवळेपणा म्हणून पाहणे चूक ठरेल.

भरतीची धाव

आज खानदेशात दमाचा सराव सर्वांत जास्त दिसतो तो पहाटे साडेचार-पाचला, गावाबाहेरच्या रस्त्यावर. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, जोडीला १०० मीटर आणि गोळाफेक. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर. शेती दोन-तीन एकर, पाऊस बेभरवशाचा, म्हणून घराघरातून एखादा मुलगा किंवा मुलगी भरतीच्या मागे लागलेली असते. त्यांची खुराकाची पद्धत ठरलेली: रात्री भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, केळी. जमले तर दूध.

ही पद्धत चांगली आहे. चुकते ते प्रमाण. दीर्घ पल्ल्याचा सराव करणाऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ७२ ते ९६ ग्रॅम. चार कळण्याच्या भाकऱ्या, दोन वेळची मिळून ६० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम शेंगदाणे आणि तेवढेच हरभरे एवढे पोटात गेले, तर ८० ग्रॅमच्या वर बेरीज जाते. शेतकरी आजोबाचे जेवण असेच होते. अभ्यासिकेत खोली घेऊन राहणारा त्याचा नातू मेसच्या दोन पोळ्या आणि पातळ वरणावर सकाळ-संध्याकाळ धावतो, मग महिन्याभरात नडगी दुखू लागते, वजन उतरते आणि दोष शाकाहाराला दिला जातो. आधी ताट वाढवावे, नंतर अंड्याचा किंवा पावडरीच्या डब्याचा विचार करावा.

सरावातही एक सवय मोडायला हवी. रोज घड्याळ लावून पूर्ण ताकदीने १६०० मीटर मारले की दम वाढतो, असे बहुतेक मुलांना वाटते. दम वाढतो तो बोलता येईल इतक्या संथ गतीने पाऊण-एक तास धावण्याने. वेगाची धाव आठवड्यातून एक-दोनदा पुरते आणि एक दिवस पूर्ण विश्रांती लागतेच. स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे तिथे साठवलेले कर्बोदक, दीड-दोन तासांच्या जोरकस मेहनतीत संपत येतो. त्यामुळे तासा-दीड तासाहून लांब पल्ल्यात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावी लागतात. मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. जळगावच्या धावपटूला याहून स्वस्त आणि जवळचे काय असणार?

उन्हाळा हा इथला खरा परीक्षक. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत. घामावाटे मीठ जाते, नुसते पाणी ढोसून ते भरून येत नाही. लिंबू, मीठ, गूळ घातलेले पाणी किंवा कैरीचे पन्हे हे काम नीट करते.

उणिवा

ब१२ जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध-ताक घेणाऱ्याला ते थोडेफार मिळते. ज्याने दूधही सोडले त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतलीच पाहिजे, यात पर्याय नाही. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, न जाणारा थकवा ही कमतरतेची लक्षणे असू शकतात. लोह पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये यांत असते, पण ते शरीरात सहज शोषले जात नाही. जेवताना लिंबू पिळले तर फायदा होतो, जेवणावर लगेच चहा घेतला तर नुकसान. बायकांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. पहाटे उठून भाकरी थापणारी, मग दिवसभर वाकून कापूस वेचणारी आणि सर्वांत शेवटी उरलेले खाणारी बाई दमाचे सर्वांत मोठे काम सर्वांत कमी अन्नावर करते. तिच्या मुलीने ८०० मीटर धावायचे ठरवले तर पहिली गरज हिमोग्लोबिन तपासून घेण्याची आहे.

नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक दोष आढळतो आणि धावणाऱ्यांच्या दृष्टीने याची चर्चा फारच कमी होते. दोन्ही पालकांकडून दोष आलेला रुग्ण आणि एकाच पालकाकडून दोष आलेला वाहक यांत फरक आहे. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो, त्याला धावणे सोडण्याचे कारण नाही. पण कडक ऊन, अपुरे पाणी आणि सवयीविना एकदम जोराचा सराव हे तिन्ही जुळून आले तर वाहकाचे स्नायू गंभीररीत्या निकामी होऊ शकतात. भरतीच्या तयारीत हे तिन्ही जुळून येण्याची शक्यता मोठी असते. सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी साधी असून ती सरकारी आरोग्य केंद्रांत होते. दोष आढळल्यास पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण हे ठरवतात. वाहक असल्याचे कळले तर अंतर हळूहळू वाढवावे, दोन फेऱ्यांमध्ये पुरेसा विसावा घ्यावा, पाणी जवळ ठेवावे. मांड्या किंवा पाठ अचानक कमकुवत वाटू लागली तर ‘अजून एक फेरी’ असे म्हणणाऱ्याचे न ऐकता तिथेच थांबावे, सावलीत जावे आणि बरे वाटेना तर सरळ दवाखाना गाठावा.